समुद्रकाठची वाडी आणि पाहुण्यांचा हंगाम

(पालघर येथे किनारपट्टीतील बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या या विषयाचा व्याख्याता आहे. भात, वाल, तण, खते आणि पाणी हे माझे रोजचे काम. तंबू, गाद्या आणि पाहुण्यांचे जेवण यांवर मी बोलावे, हे तुमच्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत केळवे, माहीम, शिरगाव, चिंचणी या भागांतून जे बागायतदार आमच्याकडे येतात, त्यांचा प्रश्न सुरू होतो पानवेलीच्या पिवळेपणापासून किंवा विहिरीच्या मचूळ पाण्यापासून. दोन-चार गोष्टी विचारल्या की बोलणे येऊन थांबते ते वाडीत उतरणाऱ्या पाहुण्यांवर. तेव्हा हा विषय शेतीबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

हा धंदा आपल्याकडे कोणी योजून सुरू केला नाही. केळव्याचा किनारा, सुरूचे बन, शीतलादेवीचे देऊळ आणि किल्ले ही ठिकाणे जुनीच आहेत. पूर्वी मे महिन्यात मुंबईचे नातेवाईक येत, ओटीवर पथाऱ्या पसरत, जाताना नारळाचे पोते घेऊन जात. मग नातेवाइकांबरोबर त्यांच्या कचेरीतले स्नेही येऊ लागले, आणि एक दिवस त्यांच्यापैकी कोणीतरी विचारले, "दादा, पैसे किती द्यायचे?" तिथून पुढे हे सुरू झाले. १६ एप्रिल २०१३ पासून विरार-डहाणू लोकल धावू लागली आणि केळवे रोड, पालघर, बोईसर ही स्थानके मुंबईकरांना एका दिवसात जाऊन येण्याजोगी झाली. इकडे बोईसरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून चालू असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र यांमुळे देशाच्या सर्व भागांतील नोकरदार येथे राहतात. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन नांदगाव किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर यावे, एखाद्या वाडीत जेवावे, हा त्यांचा परिपाठ झाला आहे. २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण आणले आणि शेतकऱ्याच्या या कामाला नाव मिळाले, नोंदणीची सोय झाली.

आता ज्या घराने चार तंबू ठोकले आहेत, त्याच्या हिशेबाच्या वहीत शनिवार-रविवारचा पैसा दिसतो आणि तो पानाच्या पैशापेक्षा सोपा वाटतो. पान दर खुडणीला बाजारभावाच्या दयेवर असते. तंबूचे भाडे पाहुणा जाण्यापूर्वी हातात पडते. म्हणून पुढच्या वर्षी चाराचे आठ तंबू होतात, त्यापुढे पानवेलीची एक बाजू मोडून तेथे गाड्या लावायला जागा होते. येथेच थोडे थांबून विचार करावा, एवढ्यासाठी मी आलो आहे.

आपण आंतरपीक घेतो तेव्हा एक नियम पाळतो. नारळात केळी घेतली, सुपारीवर मिरी चढवली, तरी त्या पिकाने मुख्य पिकाचे पाणी व अन्न ओढता कामा नये. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' ही कल्पना मांडली, तिच्यात नारळाखाली जायफळ, दालचिनी, मिरी यांना जागा आहे, पण प्रत्येकाचे अंतर, सावली आणि ओलिताची सोय ठरलेली आहे. पाहुण्यांचा हंगाम हे वाडीतले असेच एक आंतरपीक समजावे. मुंबईचा माणूस तुमच्याकडे येतो तो पोफळीच्या सावलीसाठी, विहिरीच्या गोड पाण्यासाठी आणि परसातल्या भाजीसाठी. वाडी वाळली तर तंबू कशासाठी कोण घेईल? तेवढ्या पैशात त्याला दुसरीकडे बरी खोली मिळते.

वर्षाचे चक्र

पाहुण्यांचा हंगाम आणि वाडीचा हंगाम कोठे जुळतात आणि कोठे एकमेकांच्या अंगावर येतात, ते पाहू.

ऑक्टोबरमध्ये पाऊस जातो. हळवे भात कापणीला येते, गरव्याला अजून अवकाश असतो. नारळाला खताचा दुसरा हप्ता याच सुमारास द्यायचा असतो. दिवाळीच्या सुटीत मागणी येते म्हणून कापणी अर्धवट टाकून तंबूचे बांबू उभारणारी घरे मी पाहिली आहेत. तसे करू नये. पाऊस गेल्यावर जमीन वाळायला, गवत काढायला आणि बांबू तपासायला निदान पंधरवडा लागतो. ओल्या जमिनीवर माणसांची ये-जा आणि गाड्यांची चाके फिरली की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ खरा सोन्यासारखा. विहिरीला पाणी भरपूर, हवा थंड. वाल-पापडी, कोनफळ, रताळी सगळे घरचे निघते. उकडहंडी ही आपल्याकडची अशी वस्तू आहे की तिच्यासाठी मुंबईहून माणूस मुद्दाम येतो. मडक्यात भाज्या भरून तोंड पाल्याने बंद करायचे आणि मंद जाळावर शिजू द्यायचे. तेल-पाणी नाममात्र, आणि जिन्नस बहुतेक वाडीतलेच. या दिवसांत जितके पाहुणे झेपतील तितके घ्यावेत. माझा आग्रह असा की वर्षाची मुख्य कमाई याच तीन महिन्यांत बसवावी आणि दरही याच काळात चढे ठेवावेत.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत परीक्षांमुळे पाहुणे कमी असतात. तो काळ आळशी जाऊ देऊ नये. नारळाचा तिसरा हप्ता, आळ्यांमध्ये झावळ्या व सोडणांचे आच्छादन, विहिरीतील गाळ काढणे, पंपाची दुरुस्ती ही कामे तेव्हाच उरकावीत. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर त्या महिन्यात पाहुणे बंदच ठेवावेत. त्या मुलाला शनिवारी रात्री अकरा वाजता पाण्याचे जग उचलायला लावणे मला स्वतःला पटत नाही.

आणि मग येतात एप्रिल-मे. शाळांना सुटी, आंबा, जांभूळ, ताडगोळे. चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची यात्रा. मागणी सर्वांत जास्त. विहीर मात्र सर्वांत खाली. पाहुण्याला दिवसातून दोनदा आंघोळ हवी, समुद्रावरून आल्यावर अंगावरचे खारट पाणी धुवायचे असते, आणि त्याच दिवसांत पानवेलीला आणि नारळाला पाणी सर्वांत जास्त लागते. सगळा पेच या आठ आठवड्यांचा आहे.

विहिरीचा हिशेब

आपल्या किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी कोठून येते, हे नीट समजून घेतले पाहिजे. वाळू आणि रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते. त्याच जमिनीत खालून आणि बाजूने समुद्राचे खारे पाणी शिरलेले असते. गोडे पाणी हलके, खारे जड. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे एक किलो पंचवीस ग्रॅम. म्हणून दुधावर साय असावी तसे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. वजनातल्या या थोड्या फरकामुळे गणित असे होते की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट उंची असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकते. उलट, उपसा करून पातळी एक फुटाने कायमची खाली नेली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू पाहते. विहीर आटलेली दिसत नाही, पाणी असतेच; पण ते मचूळ होते. एकदा खारे पाणी वर आले की ते एका पावसाळ्यात खाली जाईल याची खात्री देता येत नाही.

आता एक नमुना हिशेब करू. तुमच्या विहिरीचा व्यास ३ मीटर आहे असे धरा. मे महिन्यात सकाळी पंप चालवून पातळी थोडी खाली न्या, पंप बंद करा आणि तासाभरात पाणी किती वर आले ते काठीने मोजा. समजा १० सेंटिमीटर आले. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७०० लिटर. पातळी वर येऊ लागली की झऱ्याचा जोर कमी होतो, म्हणून दिवसरात्र मिळून १०,००० लिटर धरू.

खर्चाची बाजू पाहा. ६० नारळ, उन्हाळ्यात झाडास रोज ५० लिटर, म्हणजे ३,००० लिटर. पानवेल १० गुंठे. मे महिन्यात रोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर ५,००० लिटर. घरची पाच माणसे, ५०० लिटर. झाले ८,५००. उरले १,५०० लिटर. चार तंबूंत तीन-तीन माणसे, म्हणजे १२ पाहुणे. माणशी १०० लिटर धरले तर १,२००. बसले! आठ तंबू केलेत तर २,४०० लागतील आणि ९०० लिटर पानवेलीच्या तोंडचे काढावे लागतील, किंवा विहिरीतून ओरबाडावे लागतील.

दिवसापुरते येणारे पाहुणे या हिशेबात कोणी धरत नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. चाळीस माणसांची सहल येते, समुद्रात डुंबते, वाडीत येऊन नळाखाली अंग धुते आणि जेवून जाते. माणशी ३५ लिटर म्हटले तरी १,४०० लिटर झाले. म्हणजे चार तंबूंत रात्रभर राहणाऱ्या बारा पाहुण्यांपेक्षा जास्त पाणी एका सहलीने घेतले, आणि पैसे दिले फक्त जेवणाचे. अंग धुण्याचे वेगळे पैसे घ्यावेत. मोकळा नळ काढून टाकून बादली-तांब्या ठेवावा. एका बादलीत माणूस स्वच्छ होतो. कोणी रुसला तर रुसू द्यावा.

हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या विहिरीचा आकडा तुम्ही मोजायचा, आणि मे महिन्यात किती तंबू ठेवायचे हे त्यावरून ठरवायचे. डिसेंबरात आठ तंबू आणि मे महिन्यात तीन, असे करण्यात कमीपणा काही नाही.

पाणी कमी पडते म्हणून काही जण समुद्राच्या बाजूस खोल कूपनलिका घेतात. त्याविषयी मी स्पष्ट बोलतो: घेऊ नका. सायीखालचे खारे पाणी ओढण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता आहे आणि त्याचे फळ शेजाऱ्याच्या विहिरीलाही भोगावे लागते. मोठ्या अश्वशक्तीच्या पंपाने एका तासात विहीर रिकामी करण्यापेक्षा लहान पंप थांबून-थांबून चालवावा. पानवेल व नारळाला ठिबक बसवावे.

पावसाचे पाणी मात्र आपण फार सहज समुद्रात जाऊ देतो. १०० चौरस मीटर कौलारू छपरावर हंगामात २,००० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी १ लाख ६० हजार लिटर राहते. चार तंबू हंगामात ७० रात्री पूर्ण भरले तर पाहुण्यांना लागणारे पाणी ८४ हजार लिटर होते. मुरवलेले सगळे पाणी मे महिन्यापर्यंत तुमच्याच विहिरीत थांबेल असे नाही; काही भाग समुद्राकडे सरकतोच. तरीसुद्धा पन्हळीचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडण्याचा खर्च एका तंबूपेक्षा जास्त नाही, आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरण्याचे काम ते करते. वसईकडे ज्याला बावखल म्हणतात तशी जुनी तळी कोणाच्या वाडीत असतील तर ती गाड्या लावण्यासाठी बुजवू नयेत.

आंघोळीचे सांडपाणी केळीला द्यावे. साबणाचे पाणी थेट पानवेलीला नको. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर हवा, आणि आपल्या रेताड जमिनीत त्याहूनही दूर असलेला बरा, कारण वाळूतून मैला लवकर झिरपतो. ज्या विहिरीचे पाणी तुमची नातवंडे पितात तिच्याबाबत काटकसर करू नये.

तंबू कोठे नको

नारळाखाली तंबू नको. चित्रात तो फार छान दिसतो, म्हणून पाहुणे तोच मागतात. आपली शिफारस ७.५ मीटर अंतराची आहे. म्हणजे चार झाडांच्या अगदी मध्यावर उभे राहिलात तरी प्रत्येक बुंधा साडेपाच मीटरच्या आत येतो, आणि नारळाची झावळी स्वतःच पाच-सहा मीटर लांब असते. मोकळ्या बागेत सुरक्षित कोपरा असा नसतोच. वाळलेली झावळी कधी सुटेल ते वाऱ्याला विचारून कळत नाही. शिवाय बुंध्याभोवतीच्या दीड-दोन मीटरच्या आळ्यात खत-पाणी घेणारी मुळे असतात. त्यावर खुंट्या ठोकणे आणि माणसे वावरणे झाडाला सोसत नाही. जुन्या सुरूखालीही नको. मे २०२१ मधील तौक्ते वादळाची आठवण तुम्हांला वेगळी करून द्यायला नको. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा थर ठिणगीने पेटतो. शेकोटी हवी असेल तर जमीन झाडून, पाण्याचे पिंप शेजारी ठेवून, मोकळ्या जागी करावी.

मग तंबू लावावा कोठे? चिकू किंवा आंब्याच्या कडेला, वाडीच्या बांधालगत, जमिनीपेक्षा वीतभर उंच केलेल्या ओट्यावर. ओट्यावर भाताचा पेंढा आणि त्यावर जाड ताडपत्री पुरते. पेंढ्यात उंदीर आणि उंदरांमागे साप येतो, म्हणून पेंढा दर पंधरवड्याला उन्हात काढावा आणि वाटेवर रात्री दिवा ठेवावा.

पानवेलीत पाहुण्याला पादत्राणे घालून सोडू नये. आपल्या जुन्या लोकांनी पानमळ्यात चप्पल निषिद्ध मानली. आजचे तरुण त्याला सोवळे म्हणतात, परंतु त्यामागे पक्के कारण आहे. वेलीची मूळकूज करणारी बुरशी मातीत असते आणि ओल्या मातीच्या लगद्याबरोबर एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाते. काल दुसऱ्या गावची वाडी पाहून आलेला पाहुणा बुटाच्या तळव्याला तो रोग घेऊन येऊ शकतो. दाराशी पाय धुवायला तांब्या ठेवावा, वेल दाखवावी, एक पान खुडून हातात द्यावे आणि ते खुडण्याची रीतही सांगावी. शहरी माणसाला हा प्रकार तंबूपेक्षा जास्त आवडतो, असा माझा अनुभव आहे.

शासकीय परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगतो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून आहेत, ते २०११ व २०१९ मध्ये बदलले. भरतीरेषेपासून तुमची जमीन किती अंतरावर आहे यावर काय उभारता येईल हे ठरते. पक्के बांधकाम करण्यापूर्वी तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे लेखी विचारणा करावी. कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणीसाठी किमान एक एकर शेती लागते आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

घरच्या बाईची मजुरी

या धंद्याच्या हिशेबात मला एक ओळ नेहमी कोरी दिसते. माळ्याला मजुरी लिहिलेली असते, बाजारातल्या कोलंबी-पापलेटचे पैसे लिहिलेले असतात; स्वयंपाकाच्या रकान्यात मात्र काहीच नसते, कारण तो घरच्यांनी केलेला असतो. शनिवारी संध्याकाळी बारा माणसांच्या भाकऱ्या, रात्री मासळीचे जेवण, रविवारी सकाळी सहाला चहा आणि नऊला पोहे, दुपारी पुन्हा जेवण. हे करणारी बाई सोमवारी पहाटे पान खुडायला जाते. हंगामात अशा तीस-बत्तीस शनिवार-रविवारांची भर पडते.

भगिनींनी या सभेत मागे बसून माना हलवल्या, ते मी पाहिले. पुरुषांना माझे सांगणे असे की बाहेरची स्वयंपाकीण लावली तर तिला जी मजुरी द्यावी लागेल, ती वहीत घरच्या बाईच्या नावे लिहावी आणि तिच्या खात्यावर भरावी. ती वजा करून नफा उरत असेल तर धंदा नफ्यात आहे. उरत नसेल तर दर कमी आहे किंवा पाहुणे जास्त आहेत, आणि आठवा तंबू घेण्याचे कारण नाही. महिन्यातला एक शनिवार-रविवार वाडी बंद ठेवण्याची प्रथा काही घरांनी पाडली आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते.

माल विकण्याची बाजू मात्र अजून आपण पुरी वापरलेली नाही. पाहुणा परत जाताना रिकाम्या पिशवीने जातो. नारळ, केळी, चिकू, वाळवलेला वाल, पानाचा विडा हे सर्व त्याला दाराशीच विकता येते आणि दलालाचा वाटा वाचतो. शहाळ्यासाठी चौघाट ऑरेंज डार्फ या ठेंगण्या जातीची दहा-बारा झाडे बांधाला लावावीत. फळे हाताशी येतात आणि माणूस चढवावा लागत नाही.

समुद्र

पाहुणा तुमच्या वाडीतून उठून समुद्रावर जातो, तेव्हा जबाबदारी तुमच्याकडून सुटत नाही. केळव्याच्या समुद्रात पर्यटक बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आपला किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी फार लांब जाते, शहरी माणूस त्यामागे चालत जातो; भरती येते ती आधी त्याच्या पाठीमागचे खळगे भरते आणि परतीची वाट कंबरभर पाण्याखाली जाते. कोळी बांधवांना भरतीची वेळ तोंडपाठ असते, बागायतदारांच्या मुलांना आता येत नाही. जुना ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत भरतीला जोरही मोठा. नेमकी वेळ हवी असेल तर छापील तक्ता पाहावा. तंबूंजवळ एक फळा लावून त्यावर रोज भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहावी आणि पाहुण्याला तोंडी सांगावे. दारू प्यालेल्या मंडळींना पाण्यात उतरू देऊ नये. वाद झाला तर भाडे परत करावे.

बोईसर-तारापूरकडील बंधूंनी आणखी एक पाहावे. औद्योगिक सांडपाण्याचा प्रश्न त्या किनाऱ्यावर जुना आहे आणि मांगेला समाजाच्या संस्थेने तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेला. पाण्याचा रंग वा वास बदललेला दिसेल त्या दिवशी पाहुण्यांना किनाऱ्यावर नेऊ नये, आणि ती तारीख वहीत टिपून ठेवावी. तक्रारीच्या वेळी अशा नोंदी उपयोगी पडतात.

हंगाम आवरताना

मे महिन्याच्या पंचविशीपर्यंत तंबू उतरवावेत. पुढचे आठ दिवस आहे तेवढे कमावू, असा मोह होतो. पण अवकाळी पाऊस याच दिवसांत येतो आणि भिजलेले कापड गुंडाळले की बुरशी धरते. कापड गोड्या पाण्याने पुसून, दोन उन्हे पूर्ण देऊन, मध्ये निंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवावे. लोखंडी खुंट्यांना ग्रीस लावावे; खारी हवा लोखंड खाते. नवे बांबू घ्यायचे असतील तर ते महिनाभर तळ्यात बुडवून ठेवावेत, म्हणजे भुंगा लागत नाही.

जून ते सप्टेंबर पाहुणे घेऊ नयेत, हे माझे मत मी ठामपणे सांगतो. पावसाळी सहलीची मागणी वाढत आहे हे मला माहीत आहे. परंतु जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, घरातली माणसे लावणीत गुंतलेली असतात, आणि ओली वाडी पायांखाली तुडवून घेण्यात वर्षाचे नुकसान आहे. जूनमध्ये पाच वर्षांवरील प्रत्येक नारळाला ५० किलो शेणखत आणि स्फुरदासाठी ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे. वर्षाचा सव्वादोन किलो युरिया आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश यांचे तीन समान भाग करून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत द्यावेत. हे तिन्ही महिने पाहुण्यांचे नसतात, त्यामुळे खत टाकायला अडचण येऊ नये.

शेवटी पाणी तपासणीविषयी. विहिरीच्या पाण्याचे दोन नमुने वर्षातून घ्यावेत, एक नोव्हेंबरात आणि एक मेच्या मध्यावर. जिभेवर विसंबू नये. आपल्याला चव लागते त्याआधी पानवेलीला कळलेले असते. प्रयोगशाळेत पाण्याची विद्युतवाहकता पाहतात. ती ०.७५ डेसिसायमनपर्यंत असेल तर काळजी नाही. ०.७५ ते २.२५ असेल तर पानवेल जपावी आणि उपसा कमी करावा. २.२५ च्या वर गेली तर त्या उन्हाळ्यात तंबू लावूच नयेत. नमुना घेताना पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावा, प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे आणि वर नाव, गाव, विहिरीची जागा व तारीख लिहावी. दोन दिवसांच्या आत ती जवळच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत पोचवावी. मागच्या वर्षीचा अहवाल असेल तर तोही बरोबर आणावा.